रस्त्याकडेचे तारेचे दगड: कोकणात शोधायचे कसे, नोंदवायचे कसे

तारसेवा (टेलिग्राफ) जुलै २०१३ मध्ये बंद झाली. तारेची वाट मात्र अजून जमिनीवर आहे. कुठे गटाराच्या कडेला अर्धा गाडलेला दगड, कुठे गोठ्याला आधार म्हणून लावलेला लोखंडी खांब, कुठे गडग्यात (रचीव दगडी कुंपणात) चिऱ्यांच्या मधोमध बसवलेला एकच गुळगुळीत काळा दगड. चौपदरीकरण, नवे पूल, नळपाण्याच्या योजना यांत हे सगळं झपाट्याने हलतं आहे. जागेवरून हललेला दगड वस्तू म्हणून उरतो, पण तार कुठून गेली होती हे तो सांगू शकत नाही. म्हणून आधी नोंद, मग बाकीचं सगळं. साफसफाई नंतर, अर्थ लावणं त्याहून नंतर.

नेमकं काय सापडू शकतं

कोकणात तार प्रामुख्याने खांबांवरून गेली. जमिनीखालून केबल टाकायचं कारण ठरावीक ठिकाणीच पडे: खाडी ओलांडताना, शहरात तार ऑफिसच्या तोंडाशी, खांब उभे करायला जागा नसेल तिथे. त्यामुळे 'टेलिग्राफ केबल' असं स्पष्ट कोरलेला दगडच हवा, असं ठरवून निघालात तर बहुतेक वेळा हात हलवत परत याल. शोधायच्या गोष्टी चार आहेत:

- केबलची खूण सांगणारे दगड किंवा सिमेंटचे ठोकळे: तारेच्या काळातले आणि नंतर टेलिफोन केबलचे.
- तारेचे खांब किंवा त्यांचे बुंधे. हे खांब लोखंडी नळीचे, एकावर एक निमुळते तुकडे बसवलेले असत. काही ठिकाणी जुने रूळच उभे केलेले दिसतात.
- खांबाला ताण देणाऱ्या तारेचे नांगरठोकळे. जमिनीत पुरलेला दगड किंवा काँक्रीट, आणि त्यातून तिरकी बाहेर आलेली गंजकी सळई किंवा कडी. खांब गेला तरी हे राहतात, कारण उपटायला कष्ट फार आणि मोल काही नाही.
- चिनीमातीच्या पांढऱ्या वाट्या, म्हणजे इन्सुलेटर. आतून पाहिलं तर एकात एक अशा दोन झालरी दिसतात. भाजलेल्या मातीवर शिक्का असतो. तो वाचता आला तर बनवणारा कळतो, कधी सालही.

टेलिफोनचे दगड टाकून देऊ नका. नवी केबल पुष्कळदा जुन्या तारेच्याच रस्त्याने, त्याच सरकारी जागेतून गेली. नव्या खुणेच्या मागे चार पावलांवर जुनी खूण गवतात असण्याची शक्यता इतर कुठल्याही जागेपेक्षा जास्त.

अक्षरांवरून काळ

दगडावर रोमन लिपीत काय कोरलंय यावरून ढोबळ काळ ठरतो. पोस्ट आणि तार ही खाती १९१४ मध्ये एका छत्राखाली आली, आणि १९८५ मध्ये पुन्हा वेगळी झाली. म्हणजे 'पी अँड टी' (पोस्ट अँड टेलिग्राफ) असं असेल तर या दोन सालांमधला काळ. 'डी.ओ.टी.' (दूरसंचार विभाग) असेल तर १९८५ ते २०००. 'बी.एस.एन.एल.' असेल तर १ ऑक्टोबर २००० नंतरचा. 'ओ.एफ.सी.' ही अक्षरं म्हणजे काचतंतूची केबल, ती जुनी नाही.

एक सावधगिरी बाळगा. कोठारात पडलेले जुने ठोकळे खातं बदलल्यावरही वापरले जाऊ शकतात, जुन्या दगडावर नव्या रंगाने नवी अक्षरंही लिहिली जातात. कोरीव अक्षर आणि रंगवलेलं अक्षर यांची नोंद म्हणूनच वेगवेगळी करायची. कोरीव पी अँड टी, वर रंगवलेलं बी.एस.एन.एल. असा दगड मिळाला तर तो दोन्ही काळांचा साक्षीदार आहे. त्याला एकाच खान्यात कोंबू नका.

घरबसल्या तयारी

सर्व्हे ऑफ इंडियाच्या जुन्या एक इंचाला एक मैल प्रमाणाच्या नकाशांवर तारेची ओळ दाखवलेली असते आणि गावाच्या नावाजवळ पी.ओ., टी.ओ. किंवा पी.टी.ओ. अशी अक्षरं असतात: पोस्ट, तार, किंवा दोन्ही. आपल्याला टी.ओ. आणि पी.टी.ओ. हवेत. अलिबाग परिसर ४७ बी मध्ये येतो, महाड ४७ एफ, चिपळूण ४७ जी, रत्नागिरी शहर ४७ एच आणि सावंतवाडी ४८ ई. प्रत्येक अंशाच्या नकाशाचे १६ भाग पडतात, तेव्हा मागणी करताना पोटक्रमांकही लागतो. मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचे रत्नागिरी-सावंतवाडी (१८८०) आणि कुलाबा-जंजिरा (१८८३) हे खंडही चाळा. त्यांतलं दळणवळणाचं प्रकरण त्या वेळच्या रस्त्यांचा आणि तरींचा (होडीने खाडी ओलांडायच्या जागांचा) पट देतं.

आता जुना नकाशा आणि आजचं उपग्रहचित्र शेजारी ठेवा आणि रस्ता जिथे सरळ केला गेलाय तिथे खूण करा. आजच्या राष्ट्रीय महामार्ग ६६ च्या (पूर्वीचा १७) बाजूला जुन्या रस्त्याची सुटलेली वळणं असतात: एक अरुंद मोरी (रस्त्याखालून पाणी जायचा छोटा पूल), दोन्ही बाजूंना आंब्या-वडाची रांग, मध्ये उखडलेलं डांबर. सगळ्यात चांगली शोधजागा हीच. रुंदीकरणाचं यंत्र इथे फिरकलेलं नसतं.

घाटांत वेगळा विचार करावा लागतो. रस्ता नागमोडी जातो, तार मात्र शक्य तिथे सोंडेवरून सरळ उतरवत. कशेडी, परशुराम, कुंभार्ली, आंबा, फोंडा, आंबोली अशा घाटांत प्रत्येक वळणाचं टोक आणि दोन वळणांना जोडणारी सरळ रेषा नकाशावर काढा आणि त्या रेषेवर रस्ता जिथे छेदला जातो ते बिंदू आधी पाहा.

खाड्यांचं महत्त्व तर फारच. पूल नव्हते तेव्हा रस्ता तरीपाशी संपे आणि तारेला मात्र पलीकडे जावंच लागे. दाभोळ-धोपावे, वेसवी-बागमांडला, तवसाळ-जयगड इथे आजही फेरीबोट चालते. अशा जागी दोन्ही काठ बघा. धक्क्याच्या वरच्या अंगाला उंच खांबाचा पाया, छोटी पडकी खोली, होडीवाल्यांना नांगर टाकू नका सांगणाऱ्या पाटीचा खांब, खडकात बसवलेली लोखंडी कडी, यांवर नजर ठेवा. कडी दिसली की लगेच तारेची ठरवू नका. होड्या बांधायलाही कड्या असतात, आणि त्यांच्यावर दोराच्या घासाने गुळगुळीत झालेली खाच असते.

कधी जायचं

पावसाळ्यात नाही, आणि दिवाळीपर्यंतही नाही, कारण गवत छातीपर्यंत असतं. डिसेंबरपासून रान सुकायला लागतं. मार्च ते मेच्या मध्यापर्यंतचा काळ उत्तम, आणि त्यातही शेतांची भाजावळ होऊन गेल्यावरचे दिवस. कडेचं गवत जळून गेलेलं असतं आणि एरवी वर्षभर न दिसणारे दगड काळ्या राखेत उभे दिसतात. राख ओली होण्याआधी जा.

खाडीकाठी जायचं तर तिथी पाहा. कोकणातला जुना हिशोब सोपा आहे: तिथीच्या आकड्याला पाऊणने गुणलं की भरतीची वेळ. चतुर्थीला तीनच्या सुमाराला भरती, अष्टमीला सहाच्या. त्यात सहा तास मिळवले की ओहोटी. अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणात पाणी सर्वांत खाली उतरतं, पण त्या दिवशी ओहोटी सकाळ-संध्याकाळी सहाच्या आसपास येते, म्हणजे उजेड कमी. भांगाच्या दिवसांत (अष्टमीच्या आसपास) ओहोटी दुपारी मिळते, पण पाणी फार हटत नाही. मधला मार्ग म्हणजे पौर्णिमेनंतरची द्वितीया किंवा तृतीया: ओहोटी सकाळी साडेसात ते सव्वाआठच्या दरम्यान आणि पाणीही बऱ्यापैकी खाली. ओहोटीच्या तासभर आधी पोचा आणि पाणी वळलं की निघा. चिखलात पाय रुतला असताना भरती थांबत नाही.

बरोबर काय घ्यायचं

५ मीटरची टेप आणि ३० मीटरची फीत. १५ सेंटीमीटरची पट्टी, काळ्या-पांढऱ्या खुणांची. रंगकामाचा दोन इंची मऊ ब्रश, बांबूच्या काड्या, पाण्याची फवारणी बाटली. साधा हातभर आरसा आणि अरुंद झोताचा टॉर्च. होकायंत्र. जाड पुठ्ठ्याची वही आणि पेन्सिल, कारण घामाने आणि दमट हवेत शाई पसरते. दोघांसाठी चमकपट्टीची जाकिटं. काठी, घोट्याच्या वरपर्यंतचे बूट, जाड हातमोजे.

तारेचा ब्रश, छिन्नी, ॲसिड, खडू यांतलं काहीही पिशवीत नको. जवळ असलं की वापरायचा मोह होतो.

बूट आणि काठी फुरशांसाठी आहेत. रत्नागिरी-देवगडच्या सड्यांवर (कातळी पठारांवर) दगडाखाली फुरसं असण्याची शक्यता गृहीतच धरा: आधी काठीने गवत आणि दगडाचा पाया हलवा, मग थांबा, मगच खाली वाका. दगडाखाली हात कधीच घालू नका. दोडामार्ग-सावंतवाडीच्या रानात २०१६ पासून माकडतापाचे रुग्ण आढळले आहेत आणि तो गोचिडीमार्फत पसरतो. तिथे जायचं तर डिसेंबर ते मे याच काळात काळजी जास्त: पायमोज्यांत खोचलेली पँट, अंगाला गोचीडरोधक, घरी परतल्यावर कपडे गरम पाण्यात आणि अंगाची नीट तपासणी.

महामार्गावर दोघांनी जायचं. एकाने मोजायचं, दुसऱ्याने फक्त वाहनांकडे बघायचं. चालताना उजव्या कडेने चाला, म्हणजे समोरून येणारी गाडी दिसते. वळणाच्या आतल्या बाजूला उभं राहून फोटो काढू नका.

आधी रांग, मग दगड

नवख्या माणसाची सर्वांत मोठी चूक म्हणजे एका दगडापाशी तास घालवणं. रस्त्याकडेला दगड लावणारी खाती अनेक होती आणि आहेत, आणि घासलेल्या दगडावरची अक्षरं बहुतेक वेळा निकाल देत नाहीत. निकाल देतं ते अंतर.

आकडे लक्षात ठेवा. १ मैल म्हणजे १६०९.३४ मीटर, १ फर्लांग २०१.१७ मीटर, ८ फर्लांगांचा एक मैल. दशमान पद्धत १९५६ च्या कायद्याने आली आणि १९६२ पर्यंत टप्प्याटप्प्याने लागू झाली. त्यापूर्वीचे रस्त्याचे दगड मैल-फर्लांगात, नंतरचे किलोमीटर आणि २०० मीटरचे. २०० मीटरच्या दगडांवर २, ४, ६, ८ असे आकडे असतात. किलोमीटरच्या दगडाचं डोकं राष्ट्रीय महामार्गावर पिवळं, राज्य मार्गावर हिरवं.

अडचण अशी की टेलिफोन केबलच्या खुणाही साधारण २०० मीटरवरच येतात. म्हणजे फर्लांगाचा दगड, रस्त्याचा २०० मीटरचा दगड आणि केबलचा दगड या तिघांचं अंतर जवळपास सारखं. एका टप्प्यावरून फरक कळणार नाही: फर्लांग आणि २०० मीटर यांत फक्त १.१७ मीटरचा फरक आहे, आणि मोबाईलचा जीपीएस मोकळ्या आकाशाखालीसुद्धा चार-पाच मीटर चुकतो. दहा टप्पे मोजा. फर्लांगाचे दहा टप्पे २०११.७ मीटर, दशमानाचे २००० मीटर. पावणेबारा मीटरचा फरक मोबाईललाही बहुतेक वेळा पकडता येतो, वीस टप्पे मिळाले तर नक्कीच.

मोजताना दोन गोष्टी हमखास बिघडतात. पहिली, दोन बिंदूंमधलं सरळ अंतर काढणं: वळणाच्या रस्त्यावर ते नेहमी कमी भरतं. नकाशावर रस्त्याच्या मधोमध रेघ ओढून तिची लांबी घ्या. दुसरी, मधला दगड गायब असणं. ४०२ किंवा ६०३ मीटरचा टप्पा आला तर रिकाम्या जागी परत जा, दगड तिथेच पालथा पडलेला असू शकतो.

केबलच्या खुणांची रांग आणखी एका गोष्टीने ओळखू येते: ती नियमित नसते. सरळ रस्त्यावर २०० मीटर, मग मोरीच्या दोन्ही अंगांना एकेक, वळणावर जवळजवळ दोन, आणि काचतंतूची केबल असेल तर साधारण २ किलोमीटरवर सांध्याची वेगळी खूण, कारण केबलचं एक रीळ संपून दुसरं तिथे जोडलेलं असतं. मोरी ओलांडली की केबल रस्त्याची बाजूही बदलू शकते. रस्त्याचे दगड डांबराच्या कडेजवळ, तर केबलचे बहुधा सरकारी हद्दीच्या टोकाला, गडग्याला चिकटून. डांबराच्या कडेपासूनचं अंतर म्हणूनच प्रत्येक नोंदीत हवं.

फसवणारे दगड

जी.टी.एस. आणि बी.एम. अशी अक्षरं, मध्ये छिन्नीने काढलेला चौकोन: ही भूमापनाची उंचीची खूण. पुलाच्या कठड्यावर, जुन्या सरकारी इमारतीच्या पायरीवरही असते. तारेशी संबंध नाही, पण नोंद जरूर करा, कारण तीही दुर्मिळ होत चाललीय.

तीन रेघांचा बाण म्हणजे ब्रिटिश सरकारच्या मालकीची खूण. ती भूमापनात वापरली गेली आणि लष्करी हद्दींवरही. तेवढ्यावरून दगड तारेचा म्हणता येत नाही.

बाकीचे थोडक्यात. रानाच्या कडेला रचलेले दगडी बुरूज वनखात्याच्या हद्दीचे. शेताच्या कोपऱ्यातला कच्चा घडलेला दगड मोजणीचा. रुळांच्या समांतर रांग कोकण रेल्वेच्या हद्दीची, आणि ती १९९० च्या दशकातली. बांद्याकडे जुन्या गोव्याच्या सरहद्दीचे दगड मिळू शकतात. गोव्यात डिसेंबर १९६१ पर्यंत पोर्तुगीज अंमल होता, हे तिथे ध्यानात ठेवा. वीजवाहिनीच्या आणि नळपाण्याच्या खुणा तर सर्वत्र.

दगड कुठला यावरूनही थोडं कळतं. कोकणात हाताशी असतो तो जांभा, पण जांभ्याच्या सच्छिद्र अंगावर बारीक अक्षर टिकत नाही. त्यामुळे अक्षरं कोरायची तर काळा दगड आणावा लागे किंवा सिमेंटचा ठोकळा ओतावा लागे. जांभ्याच्या मुलखात रस्त्याकडेला एकटा काळा घडीव दगड दिसला की थांबायलाच हवं.

वाचायचं कसं

आधी आहे तसा फोटो. मग कोरड्या मऊ ब्रशने सुटी माती. शेवाळ आणि दगडफूल खरवडू नका: दगडफुलाचे तंतू दगडाच्या कणांत शिरलेले असतात, त्याच्याबरोबर अक्षराची कडही निघून येते. खोबणीत घट्ट बसलेली माती बांबूच्या काडीने, पाणी फवारून. चुन्याचे आणि ऑइलपेंटचे थर तसेच राहू द्यात. रंगाचे थरही इतिहासच आहेत, आणि खालचं अक्षर थरांखाली सुरक्षित असतं.

अक्षर उठून दिसतं ते तिरक्या उजेडात. सकाळी सूर्य उगवल्यावर पहिला दीड तास किंवा संध्याकाळचा शेवटचा. पण दगडाचं तोंड उत्तरेला असेल तर तिथे वर्षातला बराच काळ ऊन पोचत नाही. मग आरसा. मदतनीसाने चार-पाच मीटरवर उन्हात उभं राहून दगडाच्या पृष्ठभागाला जवळजवळ घासून जाणारा कवडसा टाकायचा आणि हळूहळू फिरवायचा. ढगाळ दिवशी किंवा तिन्हीसांजेला हेच काम टॉर्चने, डावीकडून, उजवीकडून, वरून, खालून. प्रत्येक दिशेचा वेगळा फोटो, कॅमेरा मात्र हलवायचा नाही. आडवी रेघ वरच्या उजेडात दिसते, उभी रेघ बाजूच्या. म्हणून एकाच फोटोवरून 'एफ' की 'ई', '३' की '८' हे ठरवू नका.

पातळ कागद ठेवून वर मेणखडू घासायची पद्धत घट्ट काळ्या दगडावरच वापरा. सिमेंटचा पृष्ठभाग भुसभुशीत झाला असेल तर नको. तीस-चाळीस फोटो सगळ्या बाजूंनी, प्रत्येकात मागच्याचा निम्म्याहून जास्त भाग येईल असे काढून ठेवले तर संगणकावर त्रिमित आकृती करता येते आणि रंग बाजूला ठेवून नुसता उठाव बघता येतो. पुसट अक्षरांसाठी हा उपाय मला सर्वांत भरवशाचा वाटतो.

बाण आणि शेजारी आकडा असेल तर आकड्याचा अर्थ लगेच लावू नका. तो दगडापासून केबलपर्यंतचं अंतर असू शकतो, खोली असू शकते, नुसता अनुक्रमांकही. पुढच्या दोन-तीन दगडांवर आकडा एकेकाने वाढला तर अनुक्रमांक. तोच तो आला किंवा मोरीपाशीच बदलला तर अंतर किंवा खोली.

नोंद

प्रत्येक दगडाला क्रमांक द्या: तालुक्याची दोन अक्षरं, रस्त्याचं छोटं नाव, मग तीन आकडी संख्या. एकदा दिलेला क्रमांक दुसऱ्याला कधीही नाही, दगड खोटा निघाला तरी नाही.

अक्षांश-रेखांश दशांशात, पाच स्थळांपर्यंत. पाचवं स्थळ म्हणजे जवळपास एक मीटर, त्यापुढचे आकडे मोबाईल उगाच दाखवतो. दगडाशेजारी फोन ठेवून दोन मिनिटं थांबा, दाखवलेली अचूकता ५ मीटरच्या आत आली की लिहा. घाटात, दाट आंब्याखाली ती येणार नाही. तिथे जवळच्या दोन न हलणाऱ्या गोष्टींपासून (मोरीचा कठडा, देवळाची पायरी, पुलाचं टोक) फितीने अंतर घ्या. आठवड्याने तो दगड पुन्हा सापडायला हेच उपयोगी पडतं.

दिशा होकायंत्राने घ्या, पण दगडावर टेकवून नाही. लोखंडी सळई, गाडी, आणि इथला लोहयुक्त जांभा नि काळा दगड सुई हलवतात. दोन मीटर मागे, दगडाच्या तोंडाच्या रेषेत उभे राहा.

पाच फोटो किमान: समोरून पट्टीसह, दोन्ही बाजूंनी, डोक्यावरून, आणि दहा पावलं मागून, रस्ता आणि एखादी ओळखीची गोष्ट दिसेल असा. हा शेवटचा फोटोच बहुतेक जण विसरतात, आणि दगड हलल्यावर तोच एकमेव पुरावा असतो.

नोंदीचा नमुना असा:

> क्रमांक: चि-जुनारस्ता-००७
> बाजू: किलोमीटर वाढतात त्या दिशेने डावी, डांबराच्या कडेपासून ४.२ मी.
> दगड: काळा, घडीव; माथा गोलसर; तोंड पूर्वेला
> माप: जमिनीवर ४१ सें.मी., रुंदी २३, जाडी १५
> कोरीव मजकूर: पी [अँड] टी / – – बी एल ई / खाली बाण, उत्तरेकडे
> रंगवलेला मजकूर: नाही, चुन्याचे निदान तीन थर
> आधीचा दगड: १९८ मी.; पुढचा: मिळाला नाही
> स्थिती: १० अंश कललेला, पायाशी नवा चर
> खात्री: मध्यम

मजकूर ओळ जशी असेल तशी, दोन ओळींमध्ये तिरकी रेघ. न वाचता आलेल्या प्रत्येक अक्षराला एक आडवी रेघ, शंका असलेलं चौकटी कंसात. 'हे केबलच असणार' म्हणून गाळलेली अक्षरं भरू नका. तुमचा अंदाज वेगळ्या रकान्यात लिहा.

माणसांना विचारणं

निवृत्त लाईनमन, पोस्टमन, साठी-सत्तरीपुढचे गुराखी यांच्याइतकी माहिती कुठल्याच नकाशात नाही. 'टेलिग्राफ मार्कर' विचारलं तर कोणी काही सांगणार नाही. मालवणी मुलखात 'आजोबा, तारेचो खांब खंय होतो हो?' असं विचारा, उत्तर हमखास येतं, बहुतेक वेळा हात दाखवूनच. खांब कुठे होता, तार कोणत्या झाडावरून जायची, वादळात कुठे तुटायची, हे तीन प्रश्न पुरेसे. उत्तर त्यांच्याच शब्दांत लिहा. नाव लिहायचं का हे त्यांना विचारा.

दगड कुणाच्या आवारात, गडग्यात किंवा धुण्याच्या जागी असेल तर मालकाला विचारूनच जवळ जा. दगडाला शेंदूर असेल, समोर नारळ ठेवला असेल, तर तो आता देव आहे. चपला काढा, गुरवाला किंवा घरातल्या मोठ्यांना विचारा, लांबून फोटो घ्या, ब्रश लावू नका. नोंदीत 'पूजेत' असं लिहा. असे दगड सर्वांत सुरक्षित असतात, त्यांची काळजी गाव घेतं.

काय करायचं नाही

खणायचं नाही. खाली चालू केबल असू शकते. काचतंतूची केबल नियमाने १.६५ मीटर खोल असते, पण कातळात इतकं खोल जाता आलं नाही तर ती वरच्यावर असते, आणि शेजारून वीजवाहिनीही जाते. खांबावर चढायचं नाही, लोंबणारी कुठलीही तार मेलेली समजायची नाही. दगड, वाटी, कडी घरी आणायची नाही: ती सरकारी मालमत्ता आहे, आणि शंभर वर्षांहून जुनी कोरीव वस्तू कायद्याने पुरावस्तू ठरू शकते. बंदर, तटरक्षक दल, वीजप्रकल्प यांच्या कुंपणाजवळ परवानगीशिवाय कॅमेरा काढू नका.

चालू केबलच्या खुणांची यादी जगजाहीर करायची गरज नाही. आपल्याला जुनी वाट हवी आहे. ओपनस्ट्रीटमॅपवर किंवा विकिमीडिया कॉमन्सवर टाकायच्या त्या बंद पडलेल्या, कोरीव, मैलकाळातल्या खुणा. लोखंडी खांब आणि चिनीमातीच्या वाट्या भंगारात विकल्या जातात, म्हणून त्यांची जागा सार्वजनिक नोंदीत गावापर्यंतच द्या, नेमके आकडे स्वतःच्या वहीत.

रुंदीकरणाची आखणी झाली की रस्त्याकडेला रंगाच्या नव्या खुणा आणि खुंट्या दिसू लागतात. त्या पट्ट्यातले दगड आधी उरका. काम सुरू झालं असेल तर ठेकेदाराच्या माणसांना आणि सार्वजनिक बांधकाम विभागाच्या उपविभागीय कार्यालयाला क्रमांक, फोटो आणि मूळ जागेचं माप असलेलं एकपानी पत्र द्या, एक प्रत ग्रामपंचायतीला. मागणी छोटी ठेवा: दगड फोडू नये, काम झाल्यावर हद्दीच्या कडेला त्याच किलोमीटरवर पुन्हा उभा करावा. पुन्हा उभा केला तर नवी नोंद करा, जुन्या क्रमांकापुढे 'हलवला' आणि तारीख लिहून. पावसाळा उतरल्यावर दरवर्षी एकदा रांग फिरून बघा: भराव खचतो, गटार साफ करताना दगड उपसला जातो, आणि चार महिन्यांच्या पाण्यानंतर मागच्या वर्षी न दिसलेला एखादा दगड उघडाही पडतो.